नाथांच्या हातची अंगठी

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त दिलेले व्याख्यान)



कळमेश्वर या गावाच्या नावातच ईश्वर आहे. अशा गावात मंदिराचा जीर्णोद्धार व्हावा, त्यासाठी कोणी रोख रक्कम द्यावी, कोणी पायली-दोन पायली ज्वारी द्यावी, कोणी नुसते अंगमेहनतीचे काम करावे, आणि सर्वांच्या हातांनी कळस चढावा, ही मोठ्या भाग्याची गोष्ट आहे. दगड, चुना, लाकूड यांचे काम पुरे झाले. आता या देवळाच्या दारात कोणाकोणाला जागा मिळणार, याचा विचार करण्याची वेळ आली आहे. त्यासाठी पैठणच्या एका घराची आठवण करणे उचित ठरेल. त्या घरात चोर जेवून गेले, आणि लोकांनी निर्बुद्ध ठरवलेला एक मुलगा तिथे ग्रंथकार झाला. ते घर शांतिब्रह्म श्री एकनाथ महाराजांचे.

नाथांचा काळ परंपरेने इ. स. १५३३ ते १५९९ असा मानतात. ते संत भानुदासांचे पणतू. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी ही दोघेही बाळ अगदी तान्हे असतानाच निवर्तली. एवढा मोठा महात्मा, पण त्याला आईच्या कुशीची आठवणसुद्धा नव्हती. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी म्हातारपणी पुन्हा कंबर बांधली आणि नातवाला वाढवले. पुढे कोवळ्या वयातच हा मुलगा घर सोडून देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पायाशी गेला. स्वामी किल्ल्याचे अधिकारी होते. दारात आलेल्या या पोरक्या मुलाला त्यांनी आश्रय दिला, विद्या दिली, आणि आणखी एक गोष्ट दिली : हिशेबाची वही.

ती कथा सर्वांच्या परिचयाची आहे. एका पैचा ताळा जमेना म्हणून एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. कीर्तनकार ही कथा एकाग्रतेचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक मर्म आहे. ज्याच्या मागे बाप नाही, भाऊ नाही, ज्याच्यासाठी जामीन राहणारे कोणी नाही, अशा मुलाच्या हाती स्वामींनी पैशांची वही दिली. मुलानेही त्या विश्वासाला एका पैचा बट्टा लागू दिला नाही.

ज्याला असा विश्वास मिळाला, तो पुढे इतरांशी कसा वागला?

संतचरित्रकार महिपती यांनी इ. स. १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ हा ग्रंथ पुरा केला. त्यात चोरांचे आख्यान आहे. नाथांच्या वाड्यात रात्री कीर्तन चाले. दार सर्वांना उघडे. एके रात्री गर्दीबरोबर चोरही आत शिरले आणि दडून बसले. सामसूम झाल्यावर त्यांनी हाताला लागेल ते गोळा केले. शेवटी देवघरात शिरले, तर तिथे नाथ ध्यानस्थ बसलेले. आख्यान असे सांगते की तिथे चोरांची दृष्टी गेली. ते चाचपडू लागले, भांडी वाजली, आणि नाथांनी डोळे उघडले. चोरांनी रडत कबुली दिली. नाथांनी त्यांच्या डोळ्यांवरून हात फिरवला, त्यांना दिसू लागले. गोळा केलेले सामान नाथ त्यांनाच देऊ लागले, वर आपल्या बोटातली अंगठी काढून पुढे केली. मग गिरिजाबाईंना उठवले आणि म्हणाले, यांना भूक लागली असेल, जेवायला वाढा.

दृष्टी गेली आणि आली, हा भाग ज्याला मानायचा त्याने मानावा. परंतु खरा चमत्कार त्या अंगठीचा आहे. चोरी उघडकीस आली की मार बसायचा, हे चोराला ठाऊक असते. त्या काळी तर चोराचा हात तोडण्याची शिक्षा होती. इथे जो हात तुटायचा, त्याच हातात नाथांनी अंगठी ठेवली. त्या चोरांची नावे कोणी जपून ठेवली नाहीत. ते कोणाचे कोण, कोणत्या भुकेने त्या वाटेला लागले, हे नाथांनी विचारले नाही. आधी ताट वाढले. त्या चोरांनी पुढे चोरी सोडली, असे आख्यान सांगते.

तिसरी कथा गावबाची. हा मुलगा जड बुद्धीचा. रोज पुरणपोळी हवी म्हणून हट्ट धरी. पुरणपोळी सणासुदीची, ती गरिबाच्या घरी रोज कुठून येणार? आई कंटाळली आणि तिने त्याला नाथांच्या घरी आणून सोडले. गिरिजाबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे धरले आणि रोज पुरणपोळी वाढली. लोकांनी त्याला ‘पुरणपोळ्या’ म्हणून हिणवले. तो घरात राबायचा आणि कोपऱ्यात बसून नाथांचे सांगणे ऐकायचा. नाथांनी देह ठेवला तेव्हा ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आले होते. घरात विद्वान होते, शास्त्री होते. पण परंपरा सांगते की ग्रंथ पुरा करण्याचा आशीर्वाद नाथांनी या गावबाला दिला, आणि त्याने तो पुरा केला.

सज्जनहो, या तीन कथा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पोरक्या मुलाच्या हाती वही, चोराच्या हाती अंगठी, निर्बुद्ध म्हटलेल्याच्या हाती पोथी. दया म्हणजे नुसते ‘जा, सोडून दिले’ असे म्हणणे नव्हे. सोडून दिलेला मुलगा दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा चोरी करतो, कारण त्याची भूक त्याच्याबरोबरच गेलेली असते. त्याला आधी घास द्यावा, आणि मग जपण्यासारखे काहीतरी त्याच्या हाती सोपवावे. ज्याच्यावर कधी कोणी विश्वास टाकला नाही, त्याला विश्वास मोडण्याची लाज कुठून येणार?

नाथांच्या घरी जे झाले, ते सरकारच्या कायद्यात यायला अडीचशे वर्षे लागली. अपराधी आणि निराधार मुलांना कारागिराच्या हाताखाली धंदा शिकवावा, असा कायदा या देशात १८५० मध्ये झाला. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. आपल्या मध्य प्रांतात मुलांचा कायदा १९२८ मध्ये आला. आज अठरा वर्षांखालील मुलाला गुन्हेगार म्हणून तुरुंगात टाकता येत नाही. परंतु कायदा मुलाला तुरुंगापासून वाचवील. त्याच्या ताटात भाकरी वाढायला माणूसच लागतो.

आपल्या वऱ्हाडातही याची साक्ष आहे. शेंडगावच्या डेबूजीचे वडील लहानपणीच गेले. मामाने त्याला दापुऱ्याला नेले आणि शेतीच्या कामाला लावले. तोच मुलगा पुढे गाडगे महाराज झाला. १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी धर्मशाळा उभारल्या, अन्नदान केले, आणि मुलांना शाळेत घाला म्हणून कीर्तनातून कंठशोष केला. ज्याला एका घराने आसरा दिला, त्याने हजारोंना आसरा दिला.

कोणी म्हणेल, चोराला अंगठी दिली तर तो सोकावेल. शंका रास्त आहे. दानपेटीला कुलूप असावेच. गावाचा पैसा जपणे हेही देवाचेच काम आहे, आणि नाथ स्वतः एका पैसाठी रात्रभर जागले होते. पण उद्या या देवळात एखादे पोर नारळ किंवा चिल्लर उचलताना सापडले, तर काय करायचे? खांबाला बांधून मारले, तर दोन दिवस गावात चर्चा होईल आणि ते पोर कायमचे चोर ठरेल. त्याऐवजी विश्वस्तांनी त्याला आधी प्रसादाच्या पंगतीत बसवावे. घरी कोण आहे, शाळेत जातो की नाही, याची चौकशी करावी. मग सांजेची दिवाबत्ती, सभामंडपाची झाडलोट किंवा आरतीची घंटा यातले एक काम त्याला नेमून द्यावे, आणि एखाद्या वडीलधाऱ्याने त्याच्यावर मायेची नजर ठेवावी. एखादे वेळी ते पोर पुन्हा चुकेल. तेव्हा पुन्हा समजावावे. नाथांना शांतिब्रह्म म्हणतात ते याच चिकाटीसाठी.

आषाढात धापेवाड्याच्या विठोबाला जाणारा वारकरी दिंडीत शेजारच्याची जात पुसत नाही, की त्याचा पूर्वेतिहास विचारत नाही. तीच रीत या सभामंडपातही चालू राहावी. ज्यांनी या वास्तूसाठी दान दिले, त्यांचे नाव शिलेवर राहील. ज्याने एका चुकलेल्या लेकराला हात दिला, त्याचे नाव त्या लेकराच्या मुखी राहील. श्रीकृपेने या गावाला दोन्ही प्रकारचे दाते लाभोत, हीच प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥