कृपेचा हिशेब
(समितीच्या वार्षिक सभेत एका मंडळीच्या पाळकाने केलेले भाषण)

अध्यक्षमहाराज, कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांतील व्यापारी व जमीनदार बंधूंनो, आणि माझ्या मंडळीतील भाऊबहिणींनो,

समितीचा अहवाल आताच वाचून झाला. जमाखर्चाविषयी मला काही सांगावयाचे नाही. ते काम चिटणीसांनी चोख बजावले आहे. मला बोलावयाचे आहे ते अहवालात न आलेल्या एका सूचनेविषयी. ती मांडणारा मीच होतो आणि मागे घेणाराही मीच. तेव्हा तिची हकीकत सांगण्याचे ओझे दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.

प्रथम परगावच्या दात्यांच्या एका शंकेचा उलगडा केला पाहिजे. ते विचारतात, "तुमच्याकडे दुष्काळ कसला? शेजारी माथेरानावर वर्षाला सुमारे 200 इंच पाऊस पडतो!" शंका वाजवी आहे. मुंबईस वीज मिळावी म्हणून टाटांनी घाटमाथ्यावर तलाव बांधले. त्यांचे पाणी 1915 सालापासून खोपोलीस व 1922 सालापासून भिवपुरीस खाली सोडले जाते. त्यामुळे पाताळगंगा व उल्हास या नद्या भर वैशाखातही वाहत्या असतात. खालापुरातील मोरबे धरणाचे पाणी नव्या मुंबईच्या घराघरांत जाते. इतके असूनही डोंगरावरील ठाकूर-कातकऱ्यांच्या कित्येक वाड्यांत चैत्र लागला की झरे आटतात. काळा पाषाण पाणी धरून ठेवीत नाही. आषाढात कोसळलेले पाणी तासाभरात ओढ्याला व ओढ्याचे नदीला मिळते. वरकस जमिनीतील नाचणी-वरी माघापर्यंत संपलेली असते, भाताची लावणी ज्येष्ठअखेरीशिवाय नाही, आणि मधल्या महिन्यांत वीटभट्टीवर न गेलेली म्हातारी माणसे व लहान मुले वाडीत उरतात. आपली समिती 'दुष्काळ' म्हणते तो हा. तो दरवर्षी येतो, म्हणून त्याची कोणी बातमी करीत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापुरातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली; 27 मृतदेह हाती लागले आणि 57 माणसांचा पत्ताच लागला नाही. त्या आठवड्यात मदतीच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि ते योग्यच झाले. परंतु वैशाखातल्या रिकाम्या हंड्याकरिता अशी रांग लागत नाही.

आता मूळ गोष्ट. फाल्गुनातील बैठकीत असे उघडकीस आले की, एका कातकरी वाडीत आदल्या वर्षी दिलेल्या तांदुळापैकी काही तांदूळ विकला गेला व त्याची दारू प्याली गेली. मला फार संताप आला. दात्यांचा पैसा म्हणजे विश्वासाची ठेव; ती अशी उधळणाऱ्यांचे नाव यंदाच्या यादीतून गाळावे, म्हणजे इतरांसही धडा मिळेल, असे मी सुचविले. पात्र-अपात्र पाहूनच मदत द्यावी हे तत्त्व कोणास अमान्य होणार? सूचना जवळजवळ मंजूर झाली. वाडीस तसे तोंडी कळविण्याचे कामही मीच अंगावर घेतले.

चैत्रात एका दुपारी मी चढून गेलो. सव्वा तासाची चढण, सावली नाही. पहिल्याच झोपडीत एक म्हातारी होती. मी बोलण्यास आरंभ करणार तोच ती म्हणाली, "आधी पानी प्या, मग बोला." मी एक तांब्या प्यालो, आणि घसा इतका सुकला होता की दुसराही मागून घेतला. मग सहज विचारले, पाणी कोठून आणता? तिने खालच्या घळीकडे बोट दाखविले. तेथे खडकाच्या चिरेत खळगा आहे. त्यात वाटी-वाटीने पाणी साचते. तिची सून पहाटेपूर्वी जाऊन बसते आणि उन्हे वर येईतो एक हंडा घेऊन येते. त्या दिवसाच्या हंड्यातून मी दोन तांबे पिऊन बसलो होतो.

त्या घरात मी पात्र आहे की नाही, हे कोणी विचारले नव्हते. मी कोणता निरोप घेऊन आलो आहे, हेही विचारले नव्हते. गृहस्थहो, तो निरोप मी न सांगताच खाली उतरलो.

तीस वर्षे व्यासपीठावरून मी कृपेवर प्रवचने करीत आलो आहे. हा शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. निमंत्रणपत्रिकेच्या शेवटी 'आपले कृपाभिलाषी' असे आपण छापतोच. पण प्रभू येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आपणांसारख्या जमीनदारांस मजहून अधिक लवकर समजेल. एक मळेवाला सकाळी नाक्यावरून मजूर घेऊन येतो. दुपारी आणखी आणतो. संध्याकाळी तासभर दिवस उरला असता, कोणीच कामास न लावलेले काही तेथे उभे दिसतात, त्यांनाही आणतो. पगाराच्या वेळी शेवटच्यांनाही पुऱ्या दिवसाची मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. खरे सांगावयाचे तर, मीही त्यांच्या बाजूचा आहे. हिशेबाच्या दृष्टीने मळेवाल्याचे चुकलेच. पण त्याने हिशेब कामाचा केला नव्हता. घरी चूल पेटावयास दिवसभराचीच मजुरी लागते, तासाभराची पुरत नाही, हे त्याने पाहिले होते. खोपोलीच्या नाक्यावर अकरा वाजेपर्यंत कोणी न नेलेले मजूर ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हा दृष्टान्त उलगडून सांगावयास नको.

'पात्र' या शब्दाचा मी पुष्कळ विचार केला. पात्र म्हणजे लायक, आणि पात्र म्हणजे भांडेही. भांड्याची लायकी ते रिकामे आहे एवढ्यावरूनच ठरते.

घेणाऱ्यालाही नम्र व्हावे लागते, हे आपल्या ध्यानात सहसा येत नाही. पंडिता रमाबाईंनी आपल्या कुटुंबाच्या दुष्काळातील हालांची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. गावोगाव पुराण सांगत सारे कुटुंब तीर्थयात्रा करी. पैसा संपला, दाणा संपला, तेव्हा मजुरी करावी तर उच्च जातीचा व विद्येचा अभिमान आड येई. भीक मागावी तर तोही अपमान. 1874 साली वडील गेले, त्यांच्या मागोमाग आई व वडील बहीण गेली. आई अखेरच्या आजारात अन्न मागत असता रमाबाई शेजारच्या घरी भाकरी मागावयास गेल्या, तर लाजेने तोंडातून शब्दच फुटेना. हीच बाई 1897 साली मध्य प्रांतातील दुष्काळात गेली आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आली. 1900 सालच्या दुष्काळात तिने गुजरातेतूनही मुली आणल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांनीच भरले. या मुली कोणत्या जातीच्या, कोणत्या चालीच्या, उपकार स्मरतील की नाही, याची परीक्षा घेत ती बसली नाही. मागण्यास गेलेल्याच्या तोंडी शब्द का येत नाही हे तिला ठाऊक होते. म्हणून मागण्याची वाट तिने पाहिली नाही. आपल्याकडे मात्र अर्जावर अंगठा हवा, दोन साक्षी हव्यात, आणि वर कृतज्ञतेचे दोन शब्दही हवेत!

समितीचे काम ख्रिस्ती मंडळीस नवे नाही. क्लौद्य कैसराच्या अमदानीत यहूदियात दुष्काळ पडला तेव्हा अंत्युखिया येथील शिष्यांनी, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, वर्गणी काढून बर्णबा व शौल यांच्या हाती धाडली. पुढे पौलाने यरुशलेमेच्या गरिबांकरिता मोठा निधी जमविला. त्याविषयी करिंथकरांस लिहिताना त्याने वर्गणीला शब्द वापरला आहे 'खारिस', म्हणजे कृपेला जो ग्रीक शब्द तोच. देवाने आपणांस दिले तेही खारिस, आणि आपण पुढे दिले तेही खारिस. मासेदोनियातील मंडळ्या स्वतः कंगाल असता त्यांनी ऐपतीबाहेर दिले, हेही तो मुद्दाम नमूद करतो. आणि व्यापारी बंधूंस आवडेल अशी एक गोष्ट: एवढी मोठी रक्कम एकट्याने नेली तर लोक संशय घेतील, यास्तव मंडळ्यांनी निवडून दिलेली माणसे त्याने सोबत घेतली. कृपा अगणित असली तरी रोखवही नीट ठेवावी, असे त्याचे मत दिसते. आमचे हिशेबही मंडळीबाहेरचे दोघे तपासतात, ते याच परंपरेस धरून.

याच करिंथकरांस पौलाने एके ठिकाणी कडक शब्दांत सुनावले आहे. प्रभुभोजनास जमल्यावर सुखवस्तू लोक आधी जेवून घेत, आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. आम्ही हा अध्याय दर महिन्यास वाचतो. आणि आमच्याच देवळात वाडीहून येणारी कुटुंबे शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतात. कोणी त्यांस तेथे बसावयास सांगितलेले नाही. पुढे या असेही सांगितलेले नाही. ही लाज समितीची नव्हे, माझ्या मंडळीची आहे. मी ती येथे सांगतो, कारण दात्यांसमोर आम्ही काही धुतल्या तांदळासारखे उभे आहोत असा समज नसावा.

दया ही आमच्याच धर्माची मिरास आहे असेही मी म्हणत नाही. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई, यांनी सावकारी पाशातून शेतकरी सुटावा म्हणून याच कर्जत तालुक्यात धान्यकोठ्या काढल्या. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर त्यांना गोळी लागली. त्यांच्या धान्याची आठवण वाड्यांत त्यापुढेही टिकली.

मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्यास एक आज्ञा आहे: शेताचे कोपरे कापू नयेत व पडलेला सरवा परत वेचू नये, तो गरिबाचा व परक्याचा. सरवा हा शब्द आपल्यांत अजून जिवंत आहे. मात्र तो वेचणाऱ्याने आधी मालकाकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणावा, असे त्या आज्ञेत नाही.

यास्तव मागील बैठकीत मी सूचना मागे घेतली. दारूचे काय, असा प्रश्न एका सभासदाने केला. तो प्रश्न खरा आहे, आणि त्याचे पुरते उत्तर मजपाशी नाही. यंदा धान्य घरातील बायकांच्या हाती, एकदम न देता पंधरा-पंधरा दिवसांनी द्यावे, एवढे ठरले आहे. त्याने विक्री थांबेल की नाही हे पुढील अहवालात कळेल. थांबली नाही तरी वाडीचे नाव यादीत राहील.

आता मागणे. तांदूळ, नाचणी व तूरडाळ हवी आहे. जुना पण न किडलेला माल चालेल. त्या घळीतील खळग्याभोवती दगडी कुंडी बांधावयाची आहे, म्हणजे रात्रीचे पाणी वाया जाणार नाही. तिच्यासाठी सिमेंट व दोन गवंडी कोणी दिल्यास वाडीचे लोक दगड वाहतील. वर्गणीदारांची नावे या वर्षीही छापली जातील, परंतु रकमेच्या उतरत्या क्रमाने नव्हे, आद्याक्षरांच्या क्रमाने. गेल्या खेपेस आपले नाव खाली गेले म्हणून रुष्ट झालेल्या सद्गृहस्थांनी एवढे सोसावे. ज्यांना नाव नकोच असेल त्यांच्यापुढे 'एक गृहस्थ' असे लिहिले जाईल. पावती मात्र प्रत्येकास मिळेल.

मृग लागला की डोंगराच्या पायवाटा निसरड्या होतात व डोक्यावर पोती चढविणे अशक्य होते. सबब धान्य वैशाख संपण्यापूर्वी कोठारात पोचते करावे, ही विनंती.