पीडीएफ छान आहे, पण टेबलावर चालेल का?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "दादा, फासे आणले, नियम वाचले, आता खेळायला कुठलं अ‍ॅडव्हेंचर घेऊ?" नावांची यादी देणं सोपं आहे, पण यादी दोन महिन्यांत जुनी होते. त्यापेक्षा निवडायचं कसं, यावर बोलूया.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी आधी दोन शब्द. अ‍ॅडव्हेंचर म्हणजे तयार गोष्ट: जागा, माणसं, राक्षस, नकाशे, अडचण काय आहे ते. सप्लिमेंट म्हणजे मूळ नियमांना जोडायचं सामान: नवीन जादू, नवीन प्राणी, एखाद्या प्रदेशाची माहिती. दोन्ही विकत मिळतात, दोन्हींची मुखपृष्ठं भारी असतात, आणि दोन्हींत पैसा फुकट जाऊ शकतो.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वेळ. मी पुण्यात कोडिंग करतो. आमचा ग्रुप गोंदियाचा. एक राईस मिल सांभाळतो, एक शाळेत शिकवते, एक नागपूरला असतो. सगळे एका टेबलावर येतात ते दिवाळीत, आणि जमलंच तर उन्हाळ्यात एकदा. ती संध्याकाळ फसली तर पुढची सहा महिन्यांनी. म्हणून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो की रात्र आणि जवळजवळ आख्खा दिवस माझ्याकडे असतो, आणि त्या प्रवासात मी पीडीएफ तपासतो. वाचत नाही, तपासतो. फरक आहे.

फरक असा. बरेच रिव्ह्यू वाचून लिहिलेले असतात, खेळून नाही. वाचताना लांबलचक इतिहास छान वाटतो. हजार वर्षांपूर्वी कुठल्या राजाने कुठल्या राजाला मारलं, वा! पण टेबलावर चार जण तुमच्याकडे बघत असतात आणि एक जण विचारतो, "दाराला कडी आहे का?" त्याचं उत्तर दहा सेकंदांत सापडलं पाहिजे. कोडचंही असंच असतं ना? रीडमी सुंदर आहे म्हणून प्रोग्राम चालतोच असं नाही. चालवून बघावा लागतो.

तर माझी पहिली चाचणी: मधलं कुठलंही एक पान उघडा. एक खोली निवडा. आत पाऊल टाकल्यावर काय दिसतं, काय ऐकू येतं, कोण आहे आणि तो काय करतोय, हे पहिल्या दोन-तीन ओळींत आहे का? की आधी खोली कोणी बांधली त्याचा परिच्छेद, मग मोठ्याने वाचून दाखवायचा अर्ध्या पानाचा मजकूर, आणि सगळ्यात शेवटी "तसेच इथे एक ड्रॅगन आहे"? हसू नका, असं लिहिलेलं असतं. वाचून दाखवायचा मजकूर चार ओळींच्या वर गेला की टेबलावर कोणीतरी मोबाईल काढतोच.

दुसरी चाचणी सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे धान कापून झालं की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्रभर चालतात. तिथे नायकाला पुढचा प्रवेश पाठ असतो. आपल्या टेबलावरच्या नायकांनी स्क्रिप्ट वाचलेलीच नसते! तरी खूप अ‍ॅडव्हेंचर नाटकासारखी लिहिलेली असतात: प्रवेश पहिला, प्रवेश दुसरा, आता नायक गुहेत जातात. आणि आमचा राईस मिलवाला म्हणतो, "काहून जाऊ मी त्या गुहेत? गावातच थांबतो." संपलं. पुढची चाळीस पानं बाद.

म्हणून वाचताना स्वतःला विचारा: खेळाडू इथून उलट्या दिशेला गेले तर? चांगलं अ‍ॅडव्हेंचर प्रत्येक शक्यता लिहीत नाही, ते शक्यही नाही. ते एवढंच सांगतं की खलनायकाला काय हवंय, त्याच्याकडे काय आहे, आणि कोणी अडवलं नाही तर तो पुढे काय करेल. हे माहीत असलं की तुम्ही कुठूनही गोष्ट पुढे नेऊ शकता.

एक खरं उदाहरण. २०१४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती आली, तिच्या स्टार्टर सेटमध्ये लॉस्ट माइन ऑफ फॅनडेल्व्हर हे अ‍ॅडव्हेंचर होतं. सुरुवातीलाच रस्त्यात दोन मेलेले घोडे, आणि झुडपांत लपलेले गॉब्लिन. नवीन कॅरेक्टरसाठी ही लढाई बऱ्यापैकी जड आहे. पण लेखकांनी विचार केलाय: खेळाडू हरले तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडतात, सामान लुटून निघून जातात. मग गावात जा, नवीन सामान घ्या, परत या, माग काढा. म्हणजे पहिल्या तासात हरलात तरी गोष्ट मरत नाही. विकत घेताना मला असल्या ओळी शोधायच्या असतात.

उलट टोकाचं जुनं उदाहरण म्हणजे टूम ऑफ हॉरर्स. गॅरी गायगॅक्सने ते १९७५ च्या ओरिजिन्स अधिवेशनातल्या स्पर्धेसाठी वापरलं, १९७८ मध्ये ते छापून आलं. तिथे एक चूक केली की कॅरेक्टर मेलं. मग ते वाईट आहे का? नाही, स्पर्धेसाठी ते बरोबरच होतं. पण दिवाळीत पहिल्यांदा फासा हातात घेणाऱ्या मैत्रिणीसाठी? अजिबात नाही. पुस्तक चांगलं की वाईट, हे "कोणासाठी" ठरवल्याशिवाय सांगता येत नाही.

तिसरी चाचणी आमच्या धंद्यातली: एकच तार तुटली तर सगळं बंद पडतं का? गुप्त दरवाजा एकच, तो सापडायला फासा एकदाच टाकायचा, आणि पुढची सगळी गोष्ट त्या दरवाज्यामागे. फासा पडला तीन. आता? जस्टिन अलेक्झांडर नावाच्या लेखकाचा यावर एक प्रसिद्ध नियम आहे: खेळाडूंना जो निष्कर्ष काढायला लावायचाय, त्यासाठी किमान तीन सुगावे ठेवा. एक त्यांच्या नजरेतून सुटेल, दुसऱ्याकडे ते दुर्लक्ष करतील, तिसरा तरी पोचेल. पीडीएफमध्ये महत्त्वाच्या रहस्याचे सुगावे मोजा. एकच असेल तर उरलेले दोन तुम्हाला लिहावे लागणार. तो तुमचा वेळ, किमतीत धरा.

आता सप्लिमेंट. इथे माझा प्रश्न एकच: हे वाचून टेबलावरचा एखादा निर्णय बदलेल का? १९८० च्या डेइटीज अँड डेमीगॉड्स या पुस्तकात जगभरच्या देवांचे आकडे दिलेत. आपला इंद्र आहे, अग्नी आहे, आणि किती घाव घातले की ते पडतील तेही आहे. वाचायला मजा येते, पण पहिल्या पातळीच्या खेळाडूंना त्याचा काय उपयोग? त्यांना देव नको असतो. देवळातला पुजारी कुठल्या अटीवर मदत करेल, ते हवं असतं.

सप्लिमेंटमधले तक्तेही असेच तपासा. जंगलात कोण भेटतं, याचा एक तक्ता म्हणतो: "अस्वल, दोन." दुसरा म्हणतो: "मोहाखाली पडलेली फुलं खाणारं अस्वल, सोबत पिल्लू. वाट त्याच झाडाखालून जाते. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे." नागझिऱ्याच्या बाजूला राहिलेल्या माणसाला पहिल्या ओळीत फक्त आकडा दिसेल. दुसऱ्या ओळीत तो लगेच म्हणेल, "थांबा, मागे सरा." तोच निर्णय. त्यासाठी पैसे द्यावेत.

चौथी गोष्ट जरा गंभीर आहे. पुस्तकात राक्षस कोण आहे ते बघा. १९७९ च्या सुमाराचं कीप ऑन द बॉर्डरलँड्स घ्या. त्यातल्या गुहांमधल्या टोळ्यांचं आपसात जमत नाही, हे खेळाडू वापरू शकतात. रचना म्हणून फार हुशार काम. पण त्याच गुहांत टोळ्यांच्या बायका आणि पिल्लंही आहेत. खेळाडू विचारतात, "यांचं काय करायचं?" आणि टेबल शांत होतं.

आपल्यासाठी हे दूरचं नाही. सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला वेगवेगळ्या राज्यांतून गोंड बांधव तिथे येतात, त्यांचं ते श्रद्धास्थान आहे. उद्या कोणी "जंगलातली जमात, अंधारी गुहा, भयानक विधी" असं अ‍ॅडव्हेंचर लिहिलं, तर परदेशातल्या वाचकाला ती फँटसी वाटेल. माझ्या टेबलावर मात्र ज्याच्या घरचे लोक त्या यात्रेला जातात, असा मित्र बसलेला असू शकतो. म्हणून मी बघतो: गुहेतल्या लोकांना नावं आहेत का? त्यांना स्वतःचं काही हवंय का, की ते फक्त मरायला ठेवलेत? हे चांगलं करता येतं. २०२२ च्या जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल या संग्रहात कोलकात्याच्या मिमी मोंडल यांनी बंगालच्या मातीतून उभं केलेलं अ‍ॅडव्हेंचर आहे. आपल्या मामा तलावांवर, सारसांवर, धानाच्या बांध्यांवर असं कोणी लिहिलेलं मला तरी दिसलेलं नाही. ऐकताय ना?

शेवटी खिशाचं. आधी फुकट काय आहे ते वापरा. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे बेसिक नियम कायदेशीर मोफत मिळतात. पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. म्हणजे श्रेय देऊन तो मराठीत आणायलाही हरकत नाही. आमचं टेबल मराठी, हिंदी आणि थोड्या पोवारीत चालतं, त्यामुळे मला ही मोठी गोष्ट वाटते. विकत घ्यायचंच असेल तर विक्रीच्या पानावरचा नमुना आधी डाउनलोड करा. नमुन्यात फक्त मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि प्रस्तावना असेल तर थांबा. खेळण्याचं एक तरी पान दाखवणारा विक्रेता मला जास्त भरवशाचा वाटतो.

मग मी हिशोब मांडतो. किंमत अधिक माझे तयारीचे तास. दोनशे रुपयांचं पुस्तक, ज्याला बारा तास दुरुस्ती लागते, ते महाग. सहाशेचं, जे दोन तासांत टेबलावर येतं, ते स्वस्त. आणि बारा तास लागणारच असतील तर स्वतःचंच लिहिलेलं काय वाईट?

तर या आठवड्याचं काम: तुमच्या मोबाईलमध्ये आधीच पडलेली एक पीडीएफ उघडा. मधलं एक पान, एक खोली. दहा सेकंदांत काय सापडलं ते बघा. मग एका मित्राला फोन करा, खोलीचं वर्णन सांगा आणि विचारा, "तू काय करशील?" तो जे उत्तर देईल, त्याला पुस्तकात आधार मिळतो का ते शोधा. पाच मिनिटांत कळेल, पुस्तक ठेवायचं की नाही. काय निघालं ते मला व्हॉइस मेसेजवर सांगा, चांगले मेसेज पुढच्या भागात वाजवू. भेटूया, मंडळी. फासे जपून ठेवा, पलंगाखाली गेलेला वीस बाजूंचा फासा दिवाळीच्या साफसफाईपर्यंत सापडत नाही!