एक वार तुमचाही

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही चर्चच्या लोकांबरोबर रात्री रस्त्यावर जेवण आणि कपडे वाटता, त्याबद्दल दहा मिनिटं बोला." मी हो म्हटलं, कारण तुमच्याकडे मला काही मागायचं आहे. पैसे नकोत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागच्या रांगेतले चहाला उठणार नाहीत.

आधी काम काय ते सांगते. आमच्या मंडळीतली दहा-बारा माणसं दर बुधवारी संध्याकाळी एका घरी जमतात. चपात्या, सुकी भाजी आणि मऊ खिचडी करतात. साडेनऊच्या सुमारास दोन रिक्षा निघतात. रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक, दसरा चौक, सीपीआरचा परिसर आणि शेवटी पंचगंगा घाट. पन्नास-साठ माणसं जेवतात. गटाला नाव नाही, बॅनर नाही आणि फोटो काढायचे नाहीत असा नियम आहे.

बुधवारच का, असं पुष्कळजण विचारतात. आपलं कोल्हापूर दानशूर गाव आहे. सोमवारी महादेवाचं, मंगळवारी गणपतीचं, गुरुवारी दत्ताचं, शुक्रवारी अंबाबाईचं, शनिवारी मारुतीचं आणि रविवारी जोतिबाचं काही ना काही प्रसाद म्हणून हातावर पडतं. रविवारी आमचंही चर्च असतं. राहिला बुधवार. रस्त्यावरच्या माणसांनाच आम्ही विचारलं होतं, तर त्यांनीच सांगितलं, "बुधवार लई कोरडा जातुया." म्हणून बुधवार.

वेळही अशीच ठरली. दुपारी गावात अन्न मिळतं. देवळाजवळ अन्नछत्र आहे, २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून राज्यात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तीही दुपारचीच. रात्री दुकानांची शटरं खाली आल्यावर मात्र कुणी नसतं. ज्याला घर नाही त्याचा दिवस कसाबसा जातो, रात्र जात नाही.

आता कपड्यांचं. आपल्या घरातून जे गाठोडं येतं त्यात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. जरीची साडी, लग्नातला कोट, बटणं तुटलेले शर्ट. रस्त्यावर लागतं काय? बाईमाणसाला गाऊन लागतो, कारण दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज बसत नाही. परकर लागतो, आतले कपडे लागतात, पॅड लागतात, आणि हे कुणी देत नाही. पुरुषाला नाडीचा लेंगा किंवा इलॅस्टिकची पॅन्ट लागते, कारण पोट खपाटीला गेलेलं असतं आणि पट्टा नसतो. सगळ्यांना चप्पल लागते. डिसेंबरात जाड ब्लँकेटं वाटली जातात. ती दिवसा ठेवायची कुठे, हे कुणी विचारत नाही. माणूस पाणी प्यायला गेला की सफाईत ते उचललं जातं. म्हणून आम्ही पातळ चादर देतो आणि ती मावेल अशी खांद्याला अडकवायची पिशवी देतो. जूनमध्ये प्लॅस्टिकचा कागद देतो. दात नसलेल्यांना खिचडी आणि केळं. सकाळसाठी बिस्किटाचा पुडा, कारण उरलेली भाजी सकाळपर्यंत टिकत नाही आणि ती खाऊन जुलाब लागले तर जवळ संडास नसतो.

हे सगळं आम्ही विचारून शिकलो. विचारायला वेळ लागतो आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटावी लागतात.

आता थोडा अवघड भाग. "हे चर्चचं आहे ना? मग बदल्यात काय?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला आहे, पोलिसांनी विचारला आहे, आणि आपल्या वर्गाच्या ग्रुपवरही विचारला गेला आहे. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की बदल्यात काही नाही. जेवणाबरोबर पत्रक द्यायचं नाही, रस्त्यावर प्रार्थना घ्यायची नाही, जात-धर्म विचारायचा नाही. प्रार्थना आम्ही चपात्या लाटताना करतो. आमच्यात दोन रिक्षावाले आहेत, एक मुसलमान आणि एक माळकरी. माळकरी काका खिचडीत कांदा-लसूण आहे का ते बघतात आणि मग दुसऱ्यांना वाढतात.

मग ख्रिस्ती म्हणून आम्ही हे का करतो? मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. तिथे भुकेल्याला, तहानेल्याला, परक्याला, उघड्याला, आजाऱ्याला आणि कैद्याला तुम्ही कसं वागवलं, एवढंच बघितलं जातं. ज्यांनी मदत केली त्यांना तर आपण कुणाला मदत केली हेही ठाऊक नसतं. गाडगेबाबांचा दशसूत्री संदेश काढून बघा, यादी जवळजवळ तीच आहे. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं त्याच दारात येऊन उभी राहिली, तर ते दार खरं असणार.

या गावात ख्रिस्ती सेवेचा इतिहास जुना आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच जन्मला. पुढे अमेरिकेत १८८६ साली विद्यार्थ्यांची जी मोठी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हा कोल्हापुरात जन्मलेला मुलगा होता. पण मला जास्त जवळच्या वाटतात त्या पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास निराधार स्त्रिया आणि मुली घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. दुष्काळ संपल्यावर रमाबाईंनी त्यांना परत पाठवलं नाही. शेती, विणकाम, छपाई शिकवली. पहिला घास देणारे पुष्कळ असतात. त्या शेवटपर्यंत थांबल्या.

त्याच दुष्काळात आपल्या शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली, म्हाताऱ्या-अपंगांसाठी निराधार आश्रम काढले, दुष्काळी कामावरच्या बायांच्या मुलांना सांभाळायची सोय केली. म्हणजे बेघराला जेवू घालणं ही या मातीला नवी गोष्ट नाही.

इथे मला 'वार' हा जुना शब्द आठवतो. आपल्या आजोबांच्या पिढीत गरीब मुलगा शिकायला गावात आला की सात घरी वार लावायचा. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्या घरच्या बाईला माहीत असायचं की आज अमका येणार. तो आला नाही तर ती चौकशी करायची. पण वार सगळ्यांना मिळत नव्हता. जात बघून मिळायचा. ज्यांना कुणाच्याच घरी पान मांडलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी महाराजांनी १९०१ पासून एकेक वसतिगृह उभं केलं. त्या मालिकेत १९१५ साली इंडियन ख्रिश्चन होस्टेलही आलं. ती वसतिगृहं म्हणजे, माझ्या मते, ज्यांना वार नव्हता त्यांना दिलेले सातही वार.

रस्त्यावरच्या माणसाला नेमकं हेच नसतं. त्याला अन्न कधीमधी मिळतं, लाडू मिळतो, सणाला तर इतकं येतं की टाकून द्यावं लागतं. पण "आज अमका आला नाही" असं म्हणणारं घर नसतं. स्टेशनबाहेर एक आजोबा असतात. एकदा पावसामुळे आम्हाला पोचायला साडेअकरा झाले. सगळे झोपले होते, हे बसून होते. मी म्हटलं, "आबा, झोपला नाहीत?" ते म्हणाले, "आज बुधवार न्हवं का? तुमी येनार म्हनून बसलोय." त्यांच्याकडे कॅलेंडर नाही, घड्याळ नाही. पण वार होता.

या आबांच्या पायाला जखम होती. सीपीआरला चला म्हटलं की ते तोंड फिरवायचे. नवव्या बुधवारी स्वतःच म्हणाले, "चला." आठ बुधवार फुकट गेले असं कुणी म्हणेल. त्या आठांशिवाय नववा आला नसता.

आपल्या एका माजी शिक्षकांनी मला विचारलं होतं, "जेवायला घालून तू त्यांना रस्त्यावरच ठेवतेस का?" मीही याचा विचार केला आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७२ हजार बेघर माणसं मोजली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं की शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, बाराही महिने चालणारा. आपल्या शहराची लोकसंख्या त्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास होती, हिशेब तुम्हीच करा. निवाऱ्यात नेणं, आधार काढणं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरणं, ही पुढची कामं आहेत आणि ती झालीच पाहिजेत. पण त्यासाठी माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली उचलून नेलं जाण्याची भीती ज्याने वर्षानुवर्षं बाळगली आहे, तो "चला, गाडीत बसा" म्हणणाऱ्याबरोबर पहिल्याच दिवशी कसा येईल?

आणि काहीजण कधीच येत नाहीत. बसस्थानकाजवळ एक मावशी होत्या. तीन वर्षं दर बुधवारी जेवल्या, निवाऱ्यात आल्या नाहीत. एका पावसाळ्यात गेल्या. पोलीस पंचनाम्याला आले, नाव-गाव कुणाला माहीत नव्हतं. कागदावर 'बेवारस' लिहिलं जाणार, तेवढ्यात चहाच्या गाड्यावरच्या पोराने आम्हाला फोन केला. तीन वर्षांच्या गप्पांतून त्यांचं नाव, गाव आणि माहेरचं आडनाव आम्हाला माहीत होतं. दोन दिवसांत भाचा आला. त्याने अग्नी दिला आणि रडला. बारा वर्षं शोधत होता म्हणे. आम्ही मावशींना घर देऊ शकलो नाही, नाव मात्र शेवटपर्यंत राहिलं. हे पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. पण बुधवार नसता तर तेवढंही झालं नसतं.

पूर आला की कोल्हापूर काय करतं ते आपण बघितलं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा घराघरांतून भाकऱ्या निघाल्या आणि कुणाची भाकरी कुणाच्या पोटात गेली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. गावाची ती ताकद आहे. माझं म्हणणं इतकंच की ती पूर ओसरल्यावरच्या साध्या मंगळवारीही दिसावी.

तर माझी मागणी. चहाच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे. सात पानं, प्रत्येक पानावर एक वार. बुधवारचं पान भरलेलं आहे, बाकीची सहा कोरी आहेत. आमच्यात या असं मी म्हणत नाही. मंदिराकडून करा, मशिदीकडून करा, आपल्या बॅचच्या नावाने करा. दहा माणसं जमवा, एक वार घ्या, आणि पाऊस असो, मॅच असो, घरात पाहुणे असोत, त्या वारी त्याच वेळी त्याच ठिकाणी जा. पहिले दोन महिने फक्त वाढा आणि नाव विचारा. पुढचं तेच सांगतील. पण जमणार नसेल तर नाव लिहू नका. वाट बघायला लावून न जाणं हे उपाशी ठेवण्यापेक्षा वाईट.

आपल्याला या शाळेत रोज हजेरी घेऊन शिकवलं गेलं. आपण वर्गात नसलो तर बाई विचारायच्या, "आज का आला नाही?" तेव्हा राग यायचा. आज वाटतं, कुणीतरी विचारत होतं ही केवढी श्रीमंती होती.

वही तिथे आहे. पेनही ठेवलं आहे.