गोडाची ओढ आणि घरातील माणसे

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मधुमेहावर बोलावयाचे म्हटले की वाढलेल्या साखरेचे दुष्परिणाम सांगण्याची प्रथा आहे. आज मी कमी झालेल्या साखरेविषयी आणि तिच्यामुळे निर्माण होणाऱ्या गोडाच्या ओढीविषयी बोलणार आहे. हा विषय निवडण्यास एक आजीबाई कारण झाल्या.

त्यांचे वय सत्तरीच्या पुढचे. मधुमेहासाठी सकाळ-संध्याकाळ गोळी चालू होती. मध्यरात्रीनंतर त्या उठत आणि स्वयंपाकघरात जाऊन पेढा, गूळ, नातवंडांचा खाऊ, जे हाती लागेल ते खात. घरच्यांना वाटले, आजी चोरून खातात. अखेर कपाटाला कुलूप लागले. तक्रार माझ्याकडे आली तेव्हा मीदेखील, ‘‘आजी, या वयात जिभेवर ताबा नको का?’’ असे त्यांना सुनावले. पुढे काही दिवसांनी पहाटे त्यांना येथे आणले, तेव्हा त्या घामाने चिंब झाल्या होत्या आणि असंबद्ध बोलत होत्या. रक्तातील साखर होती अवघी ३८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्या सावध झाल्या आणि म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मी चोर नाही हो.’’

चौकशीअंती उलगडा झाला. साखर वाढू नये या धास्तीने आजींनी रात्रीचे जेवण अर्ध्या भाकरीवर आणले होते. गोळीची मात्रा मात्र पूर्वीचीच होती. वयोमानाने मूत्रपिंडाचे कार्य मंदावले की अशा गोळ्यांचा अंमल अधिक काळ टिकतो. त्यांची रात्रीची ओढ हा जिभेचा दोष नव्हता. ती शरीराने मदतीसाठी मारलेली हाक होती, आणि त्या हाकेला आम्ही सर्वांनी मिळून कुलूप घातले होते.

आपल्या मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि त्याचा साठा मेंदूजवळ जवळजवळ नसतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागली की शरीर इशारे देते : हातांना कंप, घाम, छातीत धडधड, अनावर भूक. ती ५४ च्या खाली गेली की गोंधळ, चिडचिड, अडखळते बोलणे सुरू होते. अशा वेळी रुग्णाशी वाद घालू नये. शक्य असल्यास साखर तपासावी; तपासणीची सोय नसेल तर उपचाराला विलंब लावू नये.

उपचार घरातलाच आहे. १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा चहाचे तीन ते चार सपाट चमचे साखर, पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर अद्याप कमी असल्यास तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. साखर सावरली की भाकरी, पोळी असे काही खावयास द्यावे. पेढा किंवा चॉकलेट या वेळी कामाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचण्यास वेळ लागतो. साखरेऐवजी चहात घालावयाच्या कृत्रिम गोडीच्या गोळ्यांचा तर काहीच उपयोग होत नाही. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध चालू असणाऱ्यांना साध्या साखरेने लवकर गुण येत नाही; त्यांच्यासाठी ग्लुकोजची पूडच जवळ ठेवावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने रुग्णालयात आणावे.

मात्र गोडाची प्रत्येक इच्छा म्हणजे साखर उतरल्याची खूण नव्हे. सकाळी चहा-बिस्किटांवर भागवायचे आणि अकरा वाजता पुन्हा गोडाकडे हात जायचा, हा अनुभव घरोघरी आहे. काहींना मधुमेह नसूनही गोड किंवा पिष्टमय जेवणानंतर काही तासांनी साखर उतरल्याचा त्रास होतो. इन्सुलिनच्या जादा मात्रेने होणाऱ्या त्रासासारखीच लक्षणे मधुमेह नसलेल्या माणसांतही दिसतात, हे सील हॅरिस या अमेरिकन डॉक्टरांनी १९२४ साली मांडले होते. अशांनी वारंवार गोड खाल्ले तर साखर झपाट्याने चढते, पुन्हा उतरते आणि ओढ कायम राहते. मोडाची उसळ, डाळीचे धिरडे, थालीपीठ, ताक, मूठभर फुटाणे यांनी साखर सावकाश चढते आणि भूक लांबते. गोड खायचेच तर ते जेवणाबरोबर, थोडे खावे. रिकाम्या पोटी नको. गूळ म्हणजे साखर नव्हे, हा समजही सोडावा.

सणावारी विशेष जपावे. इन्सुलिन टोचून झाले आणि नैवेद्याला उशीर होत आहे, अशा वेळी रुग्णाला ताटकळत ठेवू नये. देव रागावत नाही. संकष्टी-एकादशीच्या उपवासाआधी औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी.

आजींची गोळी बदलली, रात्रीचे जेवण पूर्ववत झाले आणि रात्रीची ओढ आपोआप ओसरली. कपाटाचे कुलूप निघाले. आता त्यांच्या उशाशी ग्लुकोजचा डबा असतो आणि साखर कशी तपासायची हे धाकट्या नातवालाही येते. होळीला जेवणाच्या पानात अर्धी पुरणपोळी असते आणि ती त्या सर्वांसमोर खातात.

देणगीदारांस एक विनंती. ग्लुकोमीटर एकदाच घ्यावा लागतो, पण त्याच्या पट्ट्यांचा खर्च कायमचा असतो आणि तोच गरीब घराला झेपत नाही. एका रुग्णाच्या पट्ट्यांचा भार आपण उचललात, तर एखाद्या घरात संशयाच्या जागी आकडा येईल आणि रागावण्याच्या जागी उपचार.