निगेटिव्हवरचा डाग कुठून आला?

रोल घरी धुतला, वाळवला, उजेडात धरला आणि आकाशाच्या जागी गोल ठिपके, पांढरट कडी, नाहीतर एखादी लांबच लांब रेघ दिसली, की पहिला संशय येतो डेव्हलपरवर. बहुतेक वेळा त्याचा काही दोष नसतो. डागाची जागा, त्याची बाजू आणि त्याची कड नीट पाहिली, तर तो कुठल्या पायरीवर पडला हे कळतं.

पुसेगावसारख्या आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या गावात मी पहिलं बोट ठेवीन ते बोअरच्या पाण्यावर. काळ्या खडकातून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच फिल्मवर बसतो. टांगलेल्या फिल्मवर थेंब राहतो, पाणी उडून जातं, क्षार कडेला साचतात आणि एक कडं उमटतं. निगेटिव्ह ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. कडं चकचकीत बाजूवर असेल तर त्यावर हलकी वाफ सोडून मऊ सुती कापडानं पुसा, निघून जाईल. मंद बाजूवर, म्हणजे इमल्शनवर असेल तर अजिबात घासू नका. फिल्म पुन्हा डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा आणि सावकाश वाळवा. तरीही काही डाग जात नाहीत, कारण थेंबाखालचा जिलेटिनचा भाग उशिरा वाळून तिथला पोत कायमचा बदललेला असतो. म्हणून औषधापेक्षा पथ्य बरं. धुणं बोअरच्या पाण्यानं करा, हरकत नाही, पण शेवटची बुडी डिस्टिल्ड पाण्यात द्या. बॅटरीत घालायचं पाणी दुकानात मिळतंच. त्यात फोटो-फ्लोसारखं वेटिंग एजंट एका भागाला दोनशे भाग पाणी या मापानं घाला. फेस दिसेल इतकं घालू नका, त्याचेच नवे डाग पडतात.

दुसरा शत्रू ऊन. कृष्णधवल फिल्मच्या वेळा सहसा 20 अंश सेल्सिअसला धरून दिलेल्या असतात, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं. थंड केलेल्या डेव्हलपरमधून फिल्म काढून त्या पाण्याखाली धरली, की जिलेटिन एकदम फुगतं आणि चित्रभर सुरकुत्यांची जाळी पडते. ती कधीच जात नाही. डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचं पाणी, सगळं एकाच तापमानाच्या आसपास ठेवा. टँक बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा, बर्फ आत टाकू नका. 24 अंशांच्या खाली येणं जमत नसेल तर डब्याबरोबरच्या तक्त्याप्रमाणे वेळ कमी करा, पण पाणी मध्येच बदलू नका.

निगेटिव्हवर स्वच्छ, पारदर्शक, गोल ठिपके दिसले तर ते हवेचे बुडबुडे. बुडबुडा चिकटला तिथे डेव्हलपर पोचला नाही, म्हणून प्रिंटवर तिथे काळा ठिपका येतो. डेव्हलपर ओतल्याबरोबर टँक ओट्यावर दोनतीनदा आपटा, प्रश्न संपला. प्रिंटवरचा पांढरा ठिपका वेगळा: ती निगेटिव्हवर बसलेली धूळ. चंद्रकोरीसारखी खूण म्हणजे रीळ भरताना फिल्म मुरगळली. घामेजल्या हातांनी चेंजिंग बॅगेत घाई केली की हे होतंच, आणि बोटांचे ठसे वर. बॅग पहाटेच्या गारव्यात भरा. रोलच्या लांबीला समांतर रेघ असेल तर कॅसेटच्या तोंडाच्या मखमलीत नाहीतर कॅमेऱ्याच्या पाठीला रेतीचा कण शोधा.

दुधी, पिवळसर पट्टा दिसला तर घाबरू नका. हायपो थकलाय. ताज्या हायपोत फिल्म पुन्हा टाका, उजेड लागून गेला असला तरी चालतं. मात्र रिळात दोन वेटोळी एकमेकांना चिकटली असतील, तर तिथलं चित्र गेलं. हायपोची परीक्षा सोपी आहे: फिल्मच्या टोकाचा तुकडा त्यात टाका, पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवा.

हे सगळं घरी नीट होतं का, असं विचारणाऱ्यांना मी दादासाहेब फाळक्यांचं नाव सांगतो. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' दादरच्या राहत्या घरीच धुतला गेला. सरस्वतीबाई फाळके अंधारात फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत. भारतीय सिनेमा उभा राहिला त्यात या बाईच्या हातांचा वाटा आहे, आणि तो आपण पुरेसा सांगत नाही, असं मला मनापासून वाटतं.

उरलेले डाग तुम्ही संगणकावर काढायला जाल, म्हणून एक सांगतो. काही स्कॅनरमध्ये धूळ आपोआप पुसण्याची सोय असते. ती इन्फ्रारेड किरणांवर चालते, आणि कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते, त्यामुळे चित्रच डाग समजून पुसलं जातं. ती सोय बंद ठेवा आणि ठिपके एकेक करून हातानंच काढा.