परक्या शहरातले पहिले दिवस
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



परक्या शहरात प्रथमच उतरलेल्या माणसाचे पहिले चार दिवस पाहण्यातच जातात. हाती नकाशा असतो. पाय थकतात, डोळे थकत नाहीत. या दिवसांत त्याला काय दिसते आणि काय निसटते, हे समजून घेण्यासाठी चंडीगडकडे पाहावे. कारण ते शहर घडविण्यात बाहेरून आलेल्या माणसांचा वाटा फार मोठा आहे.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाब राजधानीला मुकला. नव्या राजधानीसाठी १९४८ मध्ये शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याची जागा ठरली. अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी पहिला आराखडा केला. पण त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात मृत्यू पावले. त्यानंतर हे काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. फेब्रुवारी १९५१ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, ते येथे पोहोचले. पाहायला शहर नव्हतेच! होती ती शेते, आंब्याची झाडे, गुरे आणि खेडी. सिमल्याच्या रस्त्यावरील एका विश्रामगृहात सहकाऱ्यांसह बसून अवघ्या काही दिवसांत त्यांनी नव्या शहराचा आराखडा आखला. मेयर यांचे वळणदार रस्ते सरळ झाले. सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असे सेक्टर पडले. आजही तेथे जाणाऱ्याला सुखना तलाव, रुंद सावलीचे रस्ते आणि भव्य कॅपिटॉल संकुल पाहून त्या नजरेचे सामर्थ्य पटते. २०१६ मध्ये युनेस्कोने या संकुलाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मराठी पाहुणा मात्र येथे थोडा गोंधळतो. पेठ, आळी, वाडी, पाडा अशा नावांतून जागेचा पूर्वेतिहास ऐकण्याची त्याच्या कानाला सवय असते. येथे पत्ता म्हणजे आकडा. सेक्टर १२ नंतर १४ येत असे. १३ हा आकडा मूळ आराखड्यात गाळलेला होता. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ १९५८ ते १९६२ या काळात पंजाबचे राज्यपाल होते. हे शहर आकार घेत असतानाचाच तो काळ. आकड्यांच्या या शहरात पूर्वीच्या गावांची आठवण सहजासहजी सापडत नाही. नव्या राजधानीसाठी ज्यांची घरे उठली, त्यांची नावे दर्शनी पाट्यांवर दिसत नाहीत.

ती आठवण एका वेगळ्याच नवागताने जपली. नेकचंद यांचे जन्मगाव फाळणीनंतर पाकिस्तानात राहिले. चंडीगडमध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक झाले. उठविलेल्या गावांतील आणि नव्या बांधकामांतील फुटक्या बशा, कप, बांगड्या, दगड ते सायकलवरून गोळा करीत आणि सुखना तलावाजवळच्या, बांधकामास मनाई असलेल्या झाडीत रात्री एकट्याने त्यांतून मूर्ती घडवीत. सरकारी जागेवरचे हे काम उघडकीस आले असते तर नोकरी जाण्याचा आणि सारे जमीनदोस्त होण्याचा धोका होता. सुमारे अठरा वर्षांनी ते उघडकीस आले. पण लोकांना ते भावले. १९७६ मध्ये रॉक गार्डन जनतेस खुले झाले आणि १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली. स्वतःचे गाव गमावलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मोडलेल्या घरातले खापर टाकाऊ वाटले नाही.

तिसरा नवागत पिएर जानरे. हे कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ. कॉर्बुझिए येत-जात राहिले. जानरे १९६५ पर्यंत, म्हणजे सुमारे चौदा वर्षे तेथेच राहिले. घरे, शाळा, इतकेच नव्हे तर साग आणि वेताच्या साध्या खुर्च्याही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविल्या. १९६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी सुखना तलावात विसर्जित झाल्या. पाहुणा म्हणून आलेला माणूस अखेरीस तेथलाच झाला.

एकाला मोकळी जमीन दिसली, दुसऱ्याला तिच्यावरून उठलेले जीवन दिसले, तिसऱ्याने तेथे राहून आपलेपण मिळविले. पहिली नजर खोटी नसते. ती अपुरी असते. नकाशाला रेषा दिसते, त्या रेषेखाली गेलेला उंबरठा दिसत नाही.

आज या शाळेची मुले लंडनला, न्यूयॉर्कला, सिंगापूरला जातात. पहिल्या आठवड्यात घरून दूरध्वनी जातो, “काय काय पाहिलेस?” पालकांनी हे जरूर विचारावे. मुलांनी मनोरे, पूल, संग्रहालये डोळे भरून पाहावीत. मात्र त्याच दूरध्वनीवर आणखी एक प्रश्न विचारला जावा : “तू राहतोस तेथे पूर्वी कोण राहत होते?” याचे उत्तर शोधण्यासाठी मुलाला शेजाऱ्याशी, दुकानदाराशी, बाकावर बसलेल्या वृद्धाशी बोलावे लागेल. आणि त्या बोलण्यातूनच परके शहर हळूहळू ओळखीचे होऊ लागेल.