बाळंतपण दवाखान्यात आलं, बाई घरीच राहिली



परिचारिकांची परिषद शहरातल्या सभागृहात न भरवता वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या अंजनवेल गावात भरवली, याबद्दल संयोजकांचे मी मनापासून आभार मानते. ज्यांच्याविषयी आपण बोलणार आहोत त्या बायका आज मंडपात मागे बसल्या आहेत. माझं निम्मं बोलणं त्यांच्यासाठीच आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. ही तुमची कमाई आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण त्याच फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. बाळंतपण दवाखान्यात आलं, बाई मात्र घरीच राहिली, असा मी या आकड्यांचा अर्थ लावते.

ती का राहिली? अडाणी आहे, लाजते, ऐकत नाही, ही उत्तरं आपण फार सहज देतो. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. जगभरच्या वैद्यकाने तोवर खेड्यातल्या बाईकडे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्याच नजरेनं पाहिलं होतं. विचारलंच नव्हतं, तर ती सांगणार कशी?

आणि कोकणातली बाई मुकी नाही. शेजारच्या वेलदूरच्या मच्छीमार घरांतल्या बायका १९९७ साली एन्रॉन कंपनीच्या वीज प्रकल्पाविरुद्ध पुढे उभ्या राहिल्या, पोलिसांचा मार त्यांनी सोसला. अशी बाई तपासणीच्या टेबलाजवळ येऊन गप्प होत असेल, तर दोष त्या खोलीत शोधला पाहिजे. दार सताड उघडं, पडदा नाही, शेजारच्या बाकावर भावकीतली बाई बसलेली, आणि समोरून मोठ्यानं प्रश्न, ‘पाळी कधी आली होती?’ तिथे ती एवढंच म्हणते, ‘कंबर दुखते.’ आपण वेदनाशामक गोळी देतो. अंगावरून पांढरं जातं, अंग बाहेर येतं, हे त्या कंबरदुखीच्या मागे राहून जातं.

बंदरावर मासे निवडणारी, डोक्यावर टोपली घेऊन फिरणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही. का, ते तिला विचारा. जायला आडोसा नाही, म्हणून. मग लघवीची जळजळ होते, ताप येतो, आणि आपण तिला ‘भरपूर पाणी प्या’ असं लिहून देतो. घरात जड हंडा, डोक्यावर ओली टोपली, बाळंतपणानंतर फार लवकर सुरू झालेलं काम. अंग बाहेर येण्याची कारणं तिच्या दिनक्रमातच आहेत. तो दिनक्रम ज्या सिस्टरला ठाऊक नाही, तिचा सल्ला कागदावरच राहतो.

आता घरातल्या रीतींकडे येते. मॅडलीन लेनिंजर या अमेरिकन परिचारिकेनं मानववंशशास्त्राचा अभ्यास करून सांगितलं की लोकांच्या काही रीती जपाव्यात, काहींना थोडं वळण द्यावं, काही त्यांच्या साथीनं बदलाव्यात. आपल्याकडे हे किती नेमकं लागू पडतं! अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कुळथाचं पिठलं, चाळीस दिवसांची विश्रांती: यांना नावं ठेवू नका, उलट सासूबाईंचं कौतुक करा. अळिवात लोह आहे, कुळथात प्रथिनं आहेत. शेक-शेगडी हवी असेल तर खोली बंद ठेवू नका, धूर बाळाच्या छातीत जातो, एवढंच समजवा. पण पहिला चीक पिळून टाकणं, ओल्या बाळंतिणीला पाणी मोजून देणं, नाळेला काहीबाही लावणं, इथे मऊ बोलून पण ठाम उभं राहायचं. लोहाच्या गोळ्या ‘उष्ण पडतात’ म्हणून परत येतात, तेव्हा रागावून काय होणार? जेवणानंतर घ्या, सोबत लिंबू घ्या, चहाबरोबर घेऊ नका, शौचाला काळं होईल पण त्यात भ्यायचं काही नाही, हे आधीच सांगितलं की डबी रिकामी होते. आणि हे सुनेला एकटीला सांगून भागत नाही. सासूला सांगा, आणि मुंबईला असलेल्या चाकरमान्याला फोनवर सांगा. घरातले निर्णय तिथे होतात.

न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांचं म्हणणं मला याहून महत्त्वाचं वाटतं. सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणाऱ्यानं ठरवायचं. आपल्या रजिस्टरनं नव्हे. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या शोधग्राममध्ये हे प्रत्यक्षात आलं. आदिवासींना विचारून दवाखाना बांधला. वॉर्डाऐवजी झोपड्या, सोबत नातेवाइकांना राहायला जागा, आणि नाव त्यांच्या देवीचं, मा दंतेश्वरी दवाखाना. तिथल्याच घरोघरच्या नवजात-सेवेचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आज देशभरात आशाताई बाळाला बघायला घरी जातात, त्याचं मूळ तिथे आहे. आता त्या फेऱ्यांत आईकडेही तेवढंच लक्ष जायला हवं. तिला जखमेचं, रक्तस्रावाचं, झोपेचं, रडू येतं का याचं विचारा. दादल्या-सासूला जरा बाहेर पाठवून विचारा.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात लोकांच्या रीती समजून घेणं नावापुरतं आहे. मुलींना वसतिगृहातून थेट वॉर्डात नेतात. त्यांनी काही आठवडे बंदरावर, मोहल्ल्यात, वाडीत राहून वयस्क सुईणींकडून ऐकलं पाहिजे. मुसलमान बाळंतिणीच्या चाळीस दिवसांतल्या रीती वेगळ्या, कुणबी घरातल्या वेगळ्या. पुस्तकात एकच ‘ग्रामीण स्त्री’ आहे, अशी बाई मला कुठे भेटली नाही.

या परिषदेनं तीन मागण्यांचा ठराव करून शासनाकडे पाठवावा, अशी माझी विनंती आहे: प्रत्येक उपकेंद्रात कडी लागणारी, पडद्याची तपासणी-खोली; मासेमारी बंदरांवर बायकांसाठी पाण्यासह स्वच्छतागृह; आणि परिचारिकेची बदली करताना ती गावात किती रुळली आहे याचा विचार. ठराव मांडताना मागे बसलेल्या बायकांपैकी कुणाला तरी अनुमोदनासाठी पुढे बोलवा, आणि त्यांनी चौथी मागणी सांगितली तर तीही लिहून घ्या.